वाङ्मय मंडळाची मतदारयादी

मुंबईच्या मरोळ परिसरातील एका महाविद्यालयाच्या मराठी वाङ्मय मंडळाने आपल्या कार्यकारिणीच्या वार्षिक निवडणुकीसाठी निर्णय अधिकारी म्हणून मला बोलावण्याचा शिरस्ता काही वर्षांपासून पाळला आहे. सरकारी नोकरीत असताना विधानसभेच्या आणि महापालिकेच्या निवडणुकांत मतदान केंद्राध्यक्ष म्हणून केलेले काम, आणि मंडळातील कोणत्याही गटाशी नसलेला संबंध, या दोन गोष्टींखेरीज माझ्याजवळ अन्य पात्रता नाही. पण त्यांतली दुसरी गोष्ट पहिलीहून अधिक मोलाची आहे, असे मला वाटते. ज्या प्राध्यापकांनी वर्षभर मुलांच्या एकांकिका बसवल्या आणि भित्तिपत्रकाचा मजकूर तपासला, त्यांच्या मनात अध्यक्ष कोणी व्हावे याविषयी काही ना काही ग्रह झालेला असतोच. आणि तो झालेला नसला, तरी तो असावा असा संशय हरलेल्या उमेदवाराला यायला तेवढी जवळीक पुरेशी होते.

विद्यार्थ्यांनी सभा स्थापून तिचा कारभार चालवावा, ही गोष्ट या शहराला नवी नाही. १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी मिळून स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली, तिच्या मराठी ज्ञानप्रसारक सभेचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंगांनी भूषविले, आणि लवकरच त्याच तरुणांनी मुलींच्या शाळा काढून दाखवल्या. पुढच्या शतकात मात्र महाविद्यालयीन निवडणुकांत दांडगाई शिरली. १९८९ साली ओवेन डिसोझा या विद्यार्थी कार्यकर्त्याची मुंबईत हत्या झाली, लोकमत प्रक्षुब्ध झाले, आणि १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने मतदानाची जागा गुणानुक्रमाला दिली. परीक्षेत जो पहिला तो वर्गाचा प्रतिनिधी. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याच्या ९९ व्या कलमाने विद्यार्थी परिषदेसाठी प्रत्यक्ष निवडणुकीची तरतूद पुन्हा आणली खरी, पण मधल्या दोन दशकांत जी मुले पदवी घेऊन बाहेर पडली, त्यांच्यापैकी कोणाला आपल्या बरोबरीच्या माणसाला निवडून देण्याचा अनुभव मिळालाच असेल, तर तो वाङ्मय मंडळासारख्या लहान संस्थांतच मिळाला असेल. उत्तम गुण मिळवणारा विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून अयोग्य असतो, असे मी म्हणणार नाही. पण त्याला नाकारण्याचा अधिकार त्याच्या वर्गाला उरला नव्हता, आणि हा उणेपणा फार मोठा होता.

माझ्या श्रमांचा निम्म्याहून अधिक भाग मतदारयादीवर खर्च होतो. सभासदांची नोंदवही, वर्गणीच्या पावतीपुस्तकातील स्थळप्रती आणि महाविद्यालयाच्या कार्यालयातील प्रवेशाची यादी, असे तीन दस्तऐवज टेबलावर शेजारी शेजारी उघडे ठेवून एकेक नाव ताडून पाहावे लागते. नोंदवहीत जी मुलगी ‘रॉड्रिग्ज’ असते ती पावतीवर ‘रॉड्रिक्स’ झालेली असते, कारण मरोळ गावठाणातल्या ईस्ट इंडियन घरांतली ही आडनावे देवनागरीत कशी लिहावीत याचा एक पक्का प्रघात नाही. विजयनगरात राहणारी दोन मुले नावाने, वडिलांच्या नावाने आणि आडनावानेही एकच निघतात आणि त्यांच्यापुढे वर्ग व हजेरी क्रमांक लिहिल्याखेरीज गत्यंतर राहत नाही. शिवाय कोणी जूनमध्ये वर्गणी भरून ऑगस्टात महाविद्यालयच सोडून गेलेला असतो. कच्ची यादी तयार झाली की ती फलकावर लावायची, हरकतींसाठी चार दिवसांची मुदत द्यायची, आणि प्रत्येक हरकतीचा निकाल कारणासह लिहूनच यादी कायम करायची, असा माझा आग्रह असतो. मंडळाच्या एका चिटणिसाने मला एकदा अगदी सरळपणे विचारले होते, “काका, आम्ही सगळे एकमेकांना ओळखतो, मग यादी फलकावर कशाला?” मी त्याला एवढेच म्हणालो, “ज्यांना तू ओळखत नाहीस, त्यांनी ती वाचावी म्हणून.”

एका वर्षी या यादीने माझी खरी परीक्षा घेतली. पावतीपुस्तक चाळताना शेवटच्या पानांवरच्या वीसेक पावत्या ओळीने एकाच तारखेच्या, एकाच शाईच्या आणि एकाच हाताच्या आढळल्या. निवडणूक जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी त्या फाडलेल्या होत्या, आणि सगळी रक्कम एका उमेदवाराच्या मित्राने भरलेली होती. त्याला बोलावून विचारले, तेव्हा त्याने काहीही लपवले नाही; ती मुले खरोखरच महाविद्यालयातली होती, त्यांना कविता आवडत होत्या, आणि वर्गणी भरून सभासद होण्यास नियमांत कोठेही बंदी नव्हती. त्याचे म्हणणे बाजूला सारण्याजोगे नव्हते. तथापि निवडणुकीचा दिवस कळल्यावर ज्या संस्थेत मतदार विकत घेता येतात, त्या संस्थेत पैसा आधी बोलतो आणि सभासद मागाहून. म्हणून निवडणूक जाहीर होण्यापूर्वीच्या महिनाअखेरपर्यंत ज्यांची वर्गणी जमा आहे तेच मतदार, असा निर्णय मी दिला, नव्या सभासदांना ग्रंथालयापासून सहलीपर्यंतचे सर्व हक्क त्याच दिवसापासून राहतील असे स्पष्ट लिहिले, आणि दुसऱ्या उमेदवाराने आणलेल्या तीन पावत्याही त्याच न्यायाने बाजूस ठेवल्या. नियम आधी लिहिलेला नव्हता, तो मला प्रसंगी करावा लागला, आणि म्हणूनच तो दोन्ही बाजूंना सारखाच बोचणे अत्यावश्यक होते.

ही अडचण केवळ लहान मंडळांची नव्हे. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेतील नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागांसाठी २०२३ च्या ऑगस्टात जाहीर झालेली निवडणूक मतदारयादीविषयी तक्रारी येताच तहकूब झाली, नोंदणीचे काम नव्याने करावे लागले, आणि उच्च न्यायालयापर्यंत वाद गेल्यानंतर अखेरीस २४ सप्टेंबर २०२४ रोजी १३,४०६ मतदारांच्या यादीवर मतदान पार पडले.

उमेदवारी अर्ज, सूचक, अनुमोदक, छाननी आणि माघार यांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. मुदती पाळल्या म्हणजे तो भाग सुरळीत जातो. प्रचाराकडे मात्र अलीकडे अधिक लक्ष द्यावे लागते. लिंगडोह समितीने २००६ साली उमेदवाराच्या खर्चाला पाच हजार रुपयांची मर्यादा घातली, छापील भित्तिपत्रकांना मनाई करून हाताने केलेल्या फलकांना तेवढी मुभा दिली, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्या शिफारशी अमलात आणण्याचा आदेश दिला. त्या शिफारशी विद्यार्थी संघांसाठी केलेल्या आहेत, पण आमच्या मंडळाने हाताने रंगवलेल्या एका कार्डशीटचा नियम त्यांवरूनच घेतला आहे. खरी विषमता आता फलकावर दिसत नाही, ती व्हॉट्सॲपच्या गटात असते. मंडळाचा गट मावळत्या चिटणिसाच्या हाती असतो, सगळ्या सभासदांपर्यंत तो एका क्षणात पोहोचतो, आणि तोच चिटणीस अध्यक्षपदासाठी उभा असेल तर त्याच्या प्रतिस्पर्ध्याला तेवढ्याच लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी आठवडाभर वर्गावर्गांतून फिरावे लागते. म्हणून अर्ज दाखल होताच त्या गटाची मुखत्यारी माझ्याकडे येते, आणि प्रत्येक उमेदवाराचे सारख्याच लांबीचे एकेक निवेदन मी वर्णानुक्रमाने त्यावर टाकतो.

मतदानाची वेळ ठरवताना या भागाचा विचार करावाच लागतो. मरोळला एका बाजूस औद्योगिक वसाहत आणि सीप्झ आहे, दुसरीकडे विमानतळ आहे, आणि तिथे पाळीवर काम करून शिकणारी मुले मंडळात थोडीथोडकी नाहीत. सकाळी दहा ते एक एवढीच वेळ ठेवली, तर त्यांचा हक्क कोणी न हिरावताही हिरावला जातो. आम्ही सकाळी आणि पुन्हा सायंकाळी मतदान घेतो, मधल्या काळात पेटीच्या फटीवर कागद चिकटवून त्यावर उमेदवारांच्या प्रतिनिधींच्या सह्या घेतो, आणि पेटी प्राचार्यांच्या कपाटात मोहोरबंद ठेवतो. आडोशाच्या आत मोबाईल नेऊ देत नाही. मतपत्रिकेचे छायाचित्र काढून दाखवण्याची सोय ठेवली, तर गुप्त मतदानाला काही अर्थ उरत नाही, आणि भिडस्त मुलाला मित्राच्या आग्रहातून सुटण्याचा एकमेव मार्ग त्या गुप्ततेतच असतो.

अध्यक्षपदाला तिघे उभे राहिले, की पसंतीक्रमाने मत घ्यावे असे माझे ठाम मत आहे, कारण साध्या बहुमताने तिघांपैकी ज्याला निम्म्याहून अधिक सभासद नको म्हणतात तोही निवडून येऊ शकतो. मतदाराने एक, दोन, तीन असे आकडे घालायचे. पहिल्या पसंतीत कोणालाच निम्म्याहून अधिक मते नसतील, तर सर्वांत खालच्या उमेदवाराच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटायच्या. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात आकडे लिहिण्यासाठी निवडणूक आयोगाचा जांभळा पेन सक्तीचा असतो, त्याचप्रमाणे आम्हीही सर्वांना एकाच प्रकारचे पेन देतो, म्हणजे शाईवरून मतदार ओळखू येत नाही.

बाद मतांचे नियम पेटी उघडण्यापूर्वी मोठ्याने वाचून दाखवावेत, हे मी कधीही सोडत नाही. एकदा पत्रिका समोर आली, की प्रत्येकाला आपल्या लाभाचा अर्थ सुचतो. एका मोजणीत एका पत्रिकेवर आकड्यांऐवजी एकाच नावापुढे बरोबरची खूण होती, आणि दुसरीवर आकडे चोख होते, पण खाली मतदाराने कौतुकाने आपली सही केली होती. पहिली मी पहिल्या पसंतीचे मत म्हणून ग्राह्य धरली, कारण इच्छा निःसंशय होती आणि तशी तरतूद वाचून दाखवलेली होती. दुसरी बाद केली, आणि ती ज्याच्या बाजूची होती त्या उमेदवाराचा चेहरा उतरलेला मला दिसला. समसमान मते पडली तर ईश्वरचिठ्ठी, हेही आधीच ठरलेले असते. मुलांना ती पोरकट वाटते, तेव्हा मी त्यांना २०१७ च्या महापालिका निवडणुकीतला गिरगावचा २२० क्रमांकाचा प्रभाग सांगतो, जिथे अतुल शाह आणि सुरेंद्र बागलकर या दोघांनाही ५,९४६ मते पडली आणि निकाल चिठ्ठीनेच लागला.

वर सांगितलेल्या पावत्यांच्या वर्षी त्या उमेदवाराचा अगदी थोड्या मतांनी पराभव झाला. त्याने फेरमोजणीचा लेखी अर्ज दिला, मी तो मंजूर केला, आणि दुसऱ्यांदा पत्रिका मोजताना एकेक त्याच्या डोळ्यांसमोर धरली. आकडा बदलला नाही. त्याने निकालपत्रकावर सही केली, पण ‘मतदारयादीबाबतची हरकत कायम’ असा शेरा त्याखाली लिहिला, आणि तो लिहिण्याचा त्याचा अधिकार मी आनंदाने मान्य केला. कपाटाच्या किल्ल्या, बँकेचे पासबुक, इतिवृत्ताची वही आणि मोहोरबंद मतपत्रिका नव्या कार्यकारिणीच्या स्वाधीन झाल्या. तिच्या पहिल्याच बैठकीत मतदार होण्याची अखेरची तारीख मंडळाच्या नियमांत घालण्याचा ठराव आला. तो मांडण्याची विनंती नव्या अध्यक्षेने त्या पराभूत उमेदवारालाच केली होती, आणि इतिवृत्तात सूचक म्हणून त्याचेच नाव आहे.