विश्लेषण : अँटिव्हायरस असूनही घरचा संगणक का अडखळतो?

धाराशिव जिल्ह्यातील परंडा तालुक्यातले सोनारी हे गाव भैरवनाथाच्या देवस्थानासाठी ओळखले जाते. अशा गावात घरचा संगणक अडखळू लागला, की पहिली चौकशी शेजाऱ्याकडे, सेवा केंद्र चालवणाऱ्या मुलाकडे किंवा पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्याकडे होते. दुरुस्तीचे दुकान गाठायचे तर परंडा नाहीतर बार्शी, म्हणजे अर्धा दिवस मोडला. विचारावे तितकी उत्तरे मिळतात. कोणी म्हणतो, ‘दुसरा अँटिव्हायरस टाका’, कोणी म्हणतो, ‘आहे तोच काढून टाका’, तर कोणी सरळ ‘फॉरमॅट मारा’ सांगतो. या शेवटच्या सल्ल्याने घरचे फोटो, शिष्यवृत्तीचे कागद आणि पीकविम्याच्या पावत्या एका झटक्यात जाऊ शकतात. फॉरमॅटपर्यंत जाण्याआधी काय तपासावे, त्याचा हा आढावा.

अँटिव्हायरस नेमके काय करतो?

तो दोन पद्धतींनी काम करतो. पहिली ओळखपरेडीची. आतापर्यंत सापडलेल्या घातक फाइल्सच्या खुणांची यादी त्याच्याकडे असते. उघडली जाणारी प्रत्येक फाइल तो या यादीशी ताडून पाहतो. ही यादी रोज बदलते, म्हणून अपडेट महत्त्वाचे. दुसरी पद्धत वागणुकीची. एखादा अनोळखी प्रोग्रॅम अचानक शेकडो फाइल्स कुलूपबंद करू लागला, तर यादीत नाव नसले तरी त्याला अडवले जाते. म्हणजेच यादी जुनी झाली की पहारा अर्ध्यावर येतो. मुदत संपलेल्या अँटिव्हायरसचे चिन्ह स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसत असले, तरी ते पुरेसे नाही.

मराठी माणसाचा याच्याशी संबंध काय?

घरगुती अँटिव्हायरसचा एक मोठा भारतीय धागा पुण्यातल्या दुरुस्तीच्या टेबलापासून सुरू होतो. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत. पुढे ते संगणक दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरसची तक्रार वारंवार दिसू लागली, तेव्हा संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी ते साफ करणारे प्रोग्रॅम लिहायला घेतले. त्यातून १९९५ मध्ये डॉसवर चालणारा ‘क्विक हील’ बाजारात आला. २००७ मध्ये कंपनीने तेच नाव घेतले आणि २०१६ मध्ये तिची शेअर बाजारात नोंदणी झाली. तालुक्याच्या दुकानात मिळणारा अँटिव्हायरसचा खोका अनेक घरांना ओळखीचा झाला तो या काळात. ‘अँटिव्हायरस विकत घ्यावाच लागतो’ ही समजूतही तेव्हाचीच. त्या वेळी ती बऱ्याच अंशी खरी होती.

मग आज विकत घ्यावा की नाही?

विंडोज १० आणि ११ मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’ हा अँटिव्हायरस मुळातच असतो. त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत. जर्मनीतील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्था अँटिव्हायरसच्या नियमित चाचण्या घेतात आणि निकाल जाहीर करतात. तिथे डिफेंडर विकतच्या नावाजलेल्या उत्पादनांच्या बरोबरीने उभा राहिलेला दिसतो. विकतच्या अँटिव्हायरसमध्ये फोनवरून मदत, मुलांसाठी निर्बंध, एकाच परवान्यात अनेक उपकरणे अशा जादा सोयी मिळतात. त्या हव्या असतील तर पैसे खर्च करायला हरकत नाही. मात्र दरवर्षी मुदत वाढवणे जमणार नसेल, तर अर्धवट राहिलेल्या विकतच्या अँटिव्हायरसपेक्षा रोज अपडेट होणारा डिफेंडर बरा.

दोन अँटिव्हायरस म्हणजे दुप्पट सुरक्षा?

नाही. फाइल उघडताच दोघेही ती तपासायला धावतात. एक जी फाइल पकडून ठेवतो तीच दुसऱ्याला हवी असते. शिवाय एकाच्या साठ्यातील व्हायरसच्या खुणा दुसऱ्याला खऱ्या व्हायरससारख्या वाटू शकतात. परिणाम म्हणजे संगणक जड होतो, इंटरनेट अडखळते, कधी स्क्रीन निळी पडते. म्हणूनच बाहेरचा अँटिव्हायरस बसवला, की विंडोज स्वतःच्या डिफेंडरला बाजूला करते. तो काढला की डिफेंडर पुन्हा कामाला लागतो.

नवीन लॅपटॉपसोबत एखाद्या अँटिव्हायरसची काही दिवसांची चाचणी आवृत्ती येते. तिची मुदत संपते, कोणीतरी दुसरा टाकून देतो आणि पहिला तसाच राहतो. सेटिंगमधील अ‍ॅप्सच्या यादीत असे दोन सापडले, तर एक ठेवून दुसरा काढावा. नेहमीच्या पद्धतीने निघत नसेल, तर बहुतेक मोठ्या कंपन्या आपले उत्पादन मुळापासून काढणारा छोटा प्रोग्रॅम स्वतःच्या संकेतस्थळावर मोफत देतात. तो वापरून संगणक पुन्हा सुरू करावा. त्यानंतर ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’समोर हिरवी खूण दिसते का, हे पाहिल्याशिवाय काम संपले असे समजू नये.

संगणक मंद झाला म्हणजे व्हायरस आलाच का?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. कोणता प्रोग्रॅम किती ताकद खातो, हे त्यात दिसते. तिथे ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ हे नाव वर दिसले की अनेक जण घाबरतात आणि त्यालाच व्हायरस समजतात. ते डिफेंडरचेच काम आहे. तो त्या वेळी तपासणी करत असतो. जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर पूर्ण तपासणीला काही तास लागू शकतात. ती संपू द्यावी किंवा संगणक रिकामा असेल अशी वेळ ठरवून द्यावी. रॅम कमी असणे, सी ड्राइव्ह काठोकाठ भरणे, सुरू होतानाच दहा प्रोग्रॅम उघडणे ही मंदपणाची कारणेही याच खिडकीत सापडतात.

अपडेटच होत नसेल तर?

आधी स्क्रीनच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. ही साधी वाटणारी गोष्ट अनेक तासांचा त्रास वाचवते. डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराचा एक सेल असतो. वीज गेली तरी संगणकाचे घड्याळ त्यावर चालते. काही वर्षांनी तो उतरतो. मग दर वेळी वीज गेली की तारीख अनेक वर्षे मागे जाते. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळे उघडताना इशारे येतात, परवाना अवैध दिसू शकतो आणि अपडेटही अडकते. सगळे व्हायरससारखे वाटते, पण दोष त्या छोट्या सेलचा असतो. सेल बदलून तारीख लावली की प्रश्न मिटतो.

दुसरे कारण मोबाइलच्या हॉटस्पॉटचे. डेटा वाचावा म्हणून तो ‘मीटर्ड’ ठेवला असेल, तर विंडोज बरेचसे अपडेट आपोआप उतरवत नाही. अशा वेळी आठवड्यातून एकदा तरी ‘चेक फॉर अपडेट्स’ हे बटण हाताने दाबावे.

‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस’ हा इशारा खरा असतो का?

तो कोण देतो आहे, यावर ते अवलंबून आहे. चित्रपट किंवा सामन्याच्या शोधात एखाद्या संकेतस्थळावर ‘अलाउ’ दाबले गेले, तर त्या साइटला सूचना पाठवण्याची परवानगी मिळते. पुढे कोपऱ्यात नामांकित अँटिव्हायरसच्या चिन्हासह घाबरवणारे संदेश येऊ लागतात. संगणकात व्हायरस असेलच असे नाही. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘नोटिफिकेशन्स’च्या यादीतून ती अनोळखी साइट काढली की संदेश बंद होतात. अँटिव्हायरस बदलून ते थांबत नाहीत.

दुसरा प्रकार अधिक महागात पडतो. पूर्ण स्क्रीन अडते, भोंगा वाजतो आणि ‘मायक्रोसॉफ्ट’च्या नावाने एक फोन नंबर झळकतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. तिथे फोन केला, तर पलीकडचा माणूस एनीडेस्कसारखे अ‍ॅप टाकायला लावतो. ही अ‍ॅप स्वतः वाईट नसतात, पण त्यांतून तुमचा संगणक समोरच्याच्या हाती जातो आणि पुढचे लक्ष्य बँक खाते असते. अशा वेळी टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करावा. तेही जमले नाही, तर पॉवरचे बटण दाबून धरावे.

पेन ड्राइव्हमधले फोल्डर गायब झाले तर?

झेरॉक्सच्या दुकानातून किंवा नेट कॅफेतून पेन ड्राइव्ह परत आणला, की आत फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसतात. ‘सगळे उडाले’ म्हणून लगेच फॉरमॅट करण्याची चूक इथे होते. या प्रकारच्या व्हायरसमध्ये मूळ फोल्डर सहसा जागेवरच असतात, फक्त लपवलेले असतात. शॉर्टकटवर क्लिक करू नये, कारण त्यामुळेच व्हायरस संगणकात शिरतो. अँटिव्हायरसने पेन ड्राइव्ह तपासून घ्यावा आणि नंतर फोल्डरच्या ‘व्ह्यू’ पर्यायातून लपवलेल्या फाइल्स दिसू द्याव्यात. छापून आणायचे असेल तेव्हा कामापुरतीच फाइल असलेला वेगळा पेन ड्राइव्ह नेणे उत्तम.

अँटिव्हायरसने चांगलीच फाइल अडवली असे वाटले तर?

असे होते. मराठी टायपिंगचा जुना प्रोग्रॅम किंवा एखादे हिशेबाचे सॉफ्टवेअर चुकून पकडले जाऊ शकते. पकडलेली फाइल लगेच नष्ट होत नाही, ती ‘क्वारंटाइन’मध्ये वेगळी ठेवली जाते आणि परत आणता येते. शंका असेल तर ‘व्हायरसटोटल’ या संकेतस्थळावर ती फाइल अनेक अँटिव्हायरसकडून एकाच वेळी तपासता येते. तिथे आधार किंवा बँकेचे कागद मात्र टाकू नयेत, कारण टाकलेली फाइल इतर सुरक्षा संस्थांनाही उपलब्ध होते. आणि एखादे फुकटचे सॉफ्टवेअर किंवा विंडोजचा चोरटा परवाना ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असे सांगत असेल, तर तिथेच थांबावे.

अँटिव्हायरस कुठे अपुरा पडतो?

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्याने ज्या फटीतून प्रवेश केला, ती बुजवणारा विंडोजचा अपडेट मार्चमध्येच आला होता. ज्यांनी तो घेतला नाही, ते सापडले. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ने न्हावा शेवा येथील जेएनपीटी बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत केले. अँटिव्हायरस पहारेकरी असला, तरी भिंतीतले भगदाड बुजवणे हे विंडोजच्या अपडेटचे काम असते.

हा मुद्दा आज घराघरांत लागू आहे. विंडोज १० चा नियमित सुरक्षा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. डिफेंडरच्या खुणांची यादी या विंडोजवर २०२८ पर्यंत येत राहील, त्यामुळे हिरवी खूण दिसत राहू शकते. पण विंडोजमधील नव्या फटी त्यातून बुजत नाहीत. संगणक झेपत असेल तर विंडोज ११ घ्यावे. नसेल, तर घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करावी. त्याशिवायच्या जुन्या संगणकावरून बँकेचे व्यवहार टाळावेत.

मदत मागताना काय सांगावे?

‘कॉम्प्युटर चालत नाही’ एवढे सांगून भाच्याला काहीच कळत नाही. स्क्रीनवरच्या इशाऱ्याचा मोबाइलने फोटो काढावा आणि शब्द जसेच्या तसे कळवावेत. आधार, बँक किंवा पासवर्ड दिसत असेल तर तो भाग झाकावा. सोबत चार गोष्टी सांगाव्यात: विंडोज कोणते, अँटिव्हायरस कोणता आणि मुदत कधीची, त्रास कधीपासून, आणि त्याआधी काय नवीन टाकले किंवा जोडले. सल्ले अनेक मिळाले, तर एका वेळी एकच करून पाहावा आणि काय केले ते वहीत टिपावे. तीन उपाय एकदम केले, तर कशाने बरे झाले आणि कशाने बिघडले, हे कोणालाच सांगता येत नाही.

खरोखर संसर्ग वाटत असेल तर हा क्रम पाळावा:

- इंटरनेट बंद करावे आणि पेन ड्राइव्ह काढावा.
- डिफेंडरमधील ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवावा. संगणक पुन्हा सुरू होऊन विंडोज उघडण्याआधीच तपासणी होते. त्याला साधारण १५ मिनिटे लागतात.
- केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्र’ या २०१७ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमाच्या संकेतस्थळावर मोफत सफाईची साधने मिळतात. ती घ्यावीत.
- बँक आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदलावेत.
- महत्त्वाच्या फाइल्सची प्रत बाहेरच्या डिस्कवर असल्याची खात्री करूनच फॉरमॅटचा विचार करावा.

मोबाइलवाल्यांनी काय लक्षात ठेवावे?

व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका, वाहनाचे चलन किंवा पीएम किसानच्या नावाने येणारी ‘एपीके’ फाइल म्हणजे एक अ‍ॅप असते. ती टाकली, की बँकेचे ओटीपी असलेले संदेश वाचण्याची परवानगी तिला मिळू शकते. फोनमधील ‘प्ले प्रोटेक्ट’ चालू ठेवावे आणि अ‍ॅप फक्त प्ले स्टोअरवरूनच घ्यावे. पैसे गेलेच, तर कोणत्याही सल्लागाराची वाट न पाहता लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा आणि बँकेला कळवावे. पहिल्या काही तासांत तक्रार झाली, तर रक्कम पुढे वळण्याआधी गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.