वाऱ्याचे वेळापत्रक

इंजिनिअरिंगला आलो आणि इतिहासाची कटकट सुटली, असं आपल्या होस्टेलवर बहुतेकांचं मत आहे. 'वास्को-द-गामा, १४९८, कालिकत' एवढं एका ओळीचं उत्तर लिहून आपण दहावी पार केली. पण या सफरीच्या तारखा नीट वाचल्या, तेव्हा मला त्यात चक्क आपलाच विषय दिसला!

जुलै १४९७ मध्ये लिस्बनहून चार जहाजं निघाली. नकाशा बघितला तर वाटतं, आफ्रिकेचा किनारा धरून सरळ खाली जायचं. पण विषुववृत्ताखाली त्या किनाऱ्यालगत वारा आणि समुद्रप्रवाह दोन्ही समोरून येतात. म्हणून गामा अटलांटिकमध्ये खोल आत, पश्चिमेकडे वळला आणि दक्षिणेला पश्चिमी वारे पकडून पुन्हा आफ्रिकेकडे आला. तीन महिने जमिनीचं दर्शन नाही! शिडाच्या जहाजाला जवळचा रस्ता हाच लवकरचा रस्ता असेल असं नाही.

आता अरबी समुद्राकडे या. उन्हाळ्याच्या शेवटी वारे नैर्ऋत्येकडून, म्हणजे आफ्रिकेकडून भारताकडे वाहू लागतात. हिवाळ्यात बरोबर उलट, ईशान्येकडून. अरब आणि गुजराती व्यापारी शेकडो वर्षं याच वेळापत्रकानं ये-जा करत होते. गामाला आफ्रिकेतल्या मालिंदीच्या राजानं एक जाणकार वाटाड्या दिला. २४ एप्रिलला निघालेली जहाजं २० मे १४९८ ला कालिकतजवळ पोचली. अवघे २६ दिवस.

परत जाताना मात्र तो वाटाड्या नव्हता, आणि ईशान्य वारे स्थिर होईपर्यंत थांबायची तयारीही नव्हती. कारवारजवळच्या अंजदीव बेटावर (ते आज गोव्यात मोडतं) डागडुजी करून ५ ऑक्टोबरला त्यांनी नांगर उचलला. कधी वारा पडलेला, कधी उलटा. आफ्रिकेचा किनारा दिसला तो २ जानेवारी १४९९ ला. तोच समुद्र, पण २६ दिवसांच्या जागी ८९! ताजं अन्न नाही, 'क' जीवनसत्त्व नाही. स्कर्व्हीनं हिरड्या सुजून माणसं मरू लागली. सफरीच्या रोजनिशीत या टप्प्यात तीस जण गेल्याची नोंद आहे. एकेका जहाजावर कामाला उभे राहू शकणारे सात-आठच उरले. शेवटी एक जहाज चालवायला माणसं नाहीत म्हणून जाळून टाकावं लागलं.

तरीही मिरीचा रस्ता सापडला होता. त्यापाठोपाठ तोफाही आल्या. १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांकडे गेलं.

शंभर वर्षांनी डच आले. १६११ मध्ये हेंड्रिक ब्रौवर या कप्तानानं नवी युक्ती केली. आफ्रिकेच्या टोकावरून उत्तरेला न वळता तो 'गर्जणाऱ्या चाळीस' वाऱ्यांवर सरळ पूर्वेला गेला आणि मग जावाकडे वर वळला. अंतर जास्त, पण वेळ जवळजवळ निम्मा! लवकरच डच कंपनीनं हा मार्ग सक्तीचा केला.

फक्त एक अडचण होती. वर कधी वळायचं? अक्षांश सूर्याच्या उंचीवरून कळे, पण रेखांश मोजायचं साधनच नव्हतं. वळायला उशीर झाला की समोर ऑस्ट्रेलियाचे खडक. १६२९ मध्ये 'बटाव्हिया' हे जहाज तिथेच फुटलं.

उपाय होता घड्याळाचा. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे घड्याळ चार मिनिटं चुकलं की एक अंश, विषुववृत्तावर सुमारे १११ किलोमीटर! डुलत्या जहाजावर अचूक चालणारं घड्याळ जॉन हॅरिसन या सुतारकाम शिकलेल्या माणसानं बनवलं. १७६१ मध्ये ते चाचणीसाठी समुद्रावर गेलं.

आम्हा मेकॅनिकलवाल्यांना 'टॉलरन्स' म्हटलं की व्हर्निअर आणि वायवा आठवतो. या लोकांच्या टॉलरन्सवर जहाजभर माणसांचा जीव टांगलेला होता.