डाव संपल्यावरचे भिडू

1970 आणि 1980च्या दशकांत भारताकडून खेळलेले बहुतेक क्रिकेटपटू आज साठी-सत्तरी ओलांडून गेले आहेत. त्या काळी नुसत्या खेळावर घर चालत नसे. अनेक जण बँकेत, रेल्वेत किंवा खासगी कंपनीत नोकरी करत. 1983चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघाला भरघोस बक्षीस देण्याइतके पैसेही क्रिकेट नियामक मंडळाकडे नव्हते. लता मंगेशकर यांनी दिल्लीत कार्यक्रम केला आणि त्या उत्पन्नातून प्रत्येक खेळाडूला 1 लाख रुपये मिळाले. साहजिकच, उतारवयातल्या मोठ्या आजारपणाला पुरेल अशी पुंजी या पिढीतल्या अनेकांकडे साठली नाही.

मंडळाने 2004 मध्ये माजी खेळाडूंसाठी निवृत्तिवेतन सुरू केले. 2022च्या वाढीनंतर गटानुसार दरमहा 30 हजार ते 70 हजार रुपये मिळू लागले. यात महिन्याचा खर्च भागतो. कर्करोगावरचे दीर्घ उपचार भागत नाहीत.

अंशुमन गायकवाड यांच्या आजारपणात हे ठळकपणे दिसले. बडोद्याच्या या सलामीवीराने 40 कसोटी सामने खेळले. 1976 मध्ये किंग्स्टनला मायकेल होल्डिंग यांचा चेंडू कानावर बसून ते जबर जखमी झाले. 1983 मध्ये जालंधरला पाकिस्तानविरुद्ध त्यांनी 671 मिनिटे किल्ला लढवत 201 धावा केल्या. पुढे ते भारतीय संघाचे प्रशिक्षकही झाले. रक्ताच्या कर्करोगावर लंडनमध्ये त्यांचे उपचार वर्षभराहून अधिक काळ चालले. पैशांची निकड त्यांचे माजी सहकारी संदीप पाटील यांनी वृत्तपत्रातील लेखातून जाहीर केली. पाटील आणि दिलीप वेंगसरकर यांनी मंडळाच्या कोषाध्यक्षांशी बोलणी केली. कपिल देव यांनी आपले निवृत्तिवेतन देऊ केले आणि सुनील गावसकर, मोहिंदर अमरनाथ, मदनलाल असे जुने सहकारी निधी उभारत असल्याचे सांगितले. मंडळाने जुलै 2024च्या मध्यावर 1 कोटी रुपये मंजूर केले. 31 जुलैला, वयाच्या 71व्या वर्षी गायकवाड यांचे निधन झाले. त्याच्या काही आठवडे आधीच ट्वेंटी-20 विश्वचषक विजेत्या संघाला मंडळाने 125 कोटींचे बक्षीस जाहीर केले होते.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये माजी फलंदाज विनोद कांबळी यांना ठाण्याजवळच्या रुग्णालयात दाखल करावे लागले, तेव्हाही 1983च्या संघातले खेळाडू मदतीला सरसावले. गावसकर यांनी 1999 मध्ये स्थापन केलेल्या चॅम्प्स फाउंडेशनने नंतर कांबळी यांना दरमहा 30 हजार रुपये देण्यास सुरुवात केली.

जुन्या भिडूंना एकमेकांच्या घरची परिस्थिती ठाऊक असते. जो संकोचाने मदत मागत नाही, त्याच्यासाठी ते शब्द टाकतात. पण ज्याचे सहकारी नामवंत नाहीत, त्या रणजीपटूसाठी कोण लिहिणार? म्हणूनच कपिल देव यांनी सुचवलेला कायमस्वरूपी विश्वस्त निधी उभा राहायला हवा. आजार कळताच उपचारांचे पैसे मिळावेत, त्यासाठी कोणाला वर्तमानपत्रातून हाक द्यावी लागू नये.