मानकोलीचा खड्डा संशोधनाचा विषय कसा होतो?

‘हवामान बदल आणि रस्ते’ असा विषय घेऊन पीएचडीच्या मुलाखतीला गेलात, तर एक प्रश्न हमखास येतो: नेमकं मोजणार काय? एवढा मोठा विषय हातात मावेल इतका कसा करायचा, ते भिवंडीजवळच्या मानकोलीचं उदाहरण घेऊन पाहू.

मानकोली नाका मुंबई-नाशिक महामार्गावर आहे. परिसरात गोदामंच गोदामं, म्हणून जड ट्रक आणि कंटेनर. जवळच उल्हास नदीची खाडी. म्हणजे भार आणि पाणी, दोन्ही एकाच जागी.

आधी भार. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात ‘आशो रोड टेस्ट’ झाली. त्यातून एक ढोबळ नियम मिळाला: रस्त्याचं नुकसान आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घातानं वाढतं. भार दीडपट झाला, तर नुकसान सुमारे पाचपट! भारतात २०१८ मध्ये चार टायरांच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन झाली. भार वाढला जेमतेम १३ टक्के. याच नियमानं नुकसान मात्र सुमारे ६० टक्क्यांनी वाढतं.

आता पाणी. भेगांतून ते खाली उतरतं, खडीच्या थरात साचतं. वरून चाक गेलं की दाबानं बारीक कण बाहेर फेकले जातात, पोकळी होते आणि डांबर खचतं. काँक्रीट केलं म्हणजे सुटलो असंही नाही. सांध्यांतून पाणी गेलं, की स्लॅबखालचा आधार असाच वाहून जातो.

गंमत म्हणजे, त्याच चाचणीत बर्फ वितळून जमीन ओली असतानाच रस्ते जास्त खराब झाले होते. आपल्याकडे हा ओला काळ म्हणजे पावसाळा.

म्हणून ‘वर्षाला किती मिलिमीटर पाऊस?’ एवढं विचारून भागत नाही. प्रश्न असा मांडा: रस्त्याचं पोट ओलं असताना त्यावरून किती जड आस गेले? त्यासाठी तीन गोष्टी मोजाव्या लागतील: खडीच्या थरातला ओलावा, चालत्या गाडीचा आसभार आणि गटारातली पाण्याची पातळी. खाडीलगतच्या सखल भागात भरतीची वेळही नोंदवा. भरतीच्या वेळी गटाराचं तोंड पाण्याखाली गेलं, तर निचरा थांबतो.

इथेच हवामान बदल येतो. पाऊस कमी वेळात जोरात पडू लागला, तर जुन्या नोंदींवर आखलेलं गटार अपुरं पडतं आणि ओले दिवस वाढतात. मग तुलना करता येते: दरवर्षी खड्डे बुजवण्यात जास्त खडी-डांबर लागतं, की पावसाआधी भेगा भरून गटारं मोकळी ठेवण्यात? शाश्वतता इथे आकड्यात सापडते.

तुमच्या गावचा रस्ता घेऊन हाच प्रश्न एका वाक्यात लिहून पाहा. त्यात मोजता येणाऱ्या दोन गोष्टी आणि त्यांचं नातं आलं, तर विषय सापडला म्हणायचा.