वहीतले दोन रकाने

आमच्या घरात इंग्रजीचा प्रवेश औषधाच्या बाटलीवरून झाला. आबा चौथीपर्यंत शिकलेले, आई शाळेत गेलेलीच नाही. बाटलीवर काय लिहिले आहे, असे ते मला विचारीत. मी तेव्हा पाचवीत होतो. "दिवसातून तीन वेळा," असे मी ठोकून देई. बाटली कोणतीही असो, उत्तर हेच. सुदैवाने कोणाला अपाय झाला नाही.

कॉलेजात आल्यावर मात्र ही ठोकाठोक चालेना. प्रथम वर्षाच्या पहिल्याच चाचणीत इंग्रजीत ५० पैकी ११ गुण पडले. निबंधाचा विषय होता प्रदूषण. गाईडमधला निबंध पाठ करून मी उतरवला होता आणि मधली चार वाक्ये विसरल्यामुळे कारखान्याचा धूर थेट समुद्रातल्या माशांच्या पोटात गेला होता! आमच्या इंग्रजीच्या सरांनी मला बोलावून घेतले. मला वाटले, आता खरडपट्टी निघणार. सर म्हणाले, "अरे, जे ठाऊक नाही ते तू न येणाऱ्या भाषेत लिहायला जातोस. दोन अडचणी एकदम कशाला? जे रोज पाहतोस ते लिही, म्हणजे एकच अडचण उरेल."

त्या दिवसापासून मी २०० पानी वही घातली. पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडच्या रकान्यात मराठी, उजवीकडच्या रकान्यात इंग्रजी. रोज दहा वाक्ये लिहायची, ती आपल्या गावाविषयी आणि आपल्या डोळ्यांनी पाहिलेली. उन्हाळ्यातला पाण्याचा टँकर, रेशनच्या दुकानापुढची रांग, मुलींनी भरलेली शेवटची एस. टी., सातवीनंतर शाळा सोडलेली शेजारची पोर, असे विषय झाले. शब्द अडला तर आधी सोप्या शब्दांत सांगून पाहायचे, मग कोश उघडायचा. शनिवारी वही सरांच्या टेबलावर ठेवायची.

ही कल्पना मला नवीन वाटली होती, पण ती फार जुनी निघाली. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केले, तेव्हा त्याच्या पानावर मराठी आणि इंग्रजी असे दोन स्तंभ शेजारी शेजारी होते. पुढे १८८८ साली निघालेल्या 'सुधारक' पत्राची मराठी बाजू आगरकर सांभाळीत, तर इंग्रजी बाजू गोखले. समाजाचे दुखणे दोन भाषांत मांडण्याची ही रीत आपल्याकडचीच आहे. माझी वही त्या थोरांच्या पंगतीला बसत नाही, हे मी जाणतो. पण रेघ तीच आहे.

आता या अभ्यासातून काय उमगले, ते सांगतो. माझ्यासारख्या अनेकांची अडचण एकच असते, म्हणून हा प्रपंच.

पहिल्या आठवड्यात मी लिहिले, "द टँकर डिड नॉट केम." सरांनी 'केम'वर फुली मारली. 'डिड' आले की भूतकाळाचे ओझे त्यानेच उचलले. मागच्या क्रियापदाने मूळ रूपात, म्हणजे 'कम' असेच राहायचे. एक ओझे दोघांच्या डोक्यावर द्यायचे नाही. हा नियम मी आठवीपासून वाचत होतो, पण टँकर आला नाही त्या दिवशी तो समजला.

दुसरी गोष्ट 'अ' आणि 'द' यांची. मराठीत नुसते 'टँकर आला' म्हणून भागते. कोणता टँकर ते ऐकणाराला ठाऊक असते. इंग्रजीत ते शब्दानेच सांगावे लागते. कोणता तरी एक असेल तर 'अ टँकर'. ज्याची सारी आळी घागरी घेऊन वाट पाहते तो 'द टँकर'. ही खूणगाठ बांधल्यापासून माझ्या निम्म्या चुका कमी झाल्या.

तिसरी गोष्ट वाक्याच्या बांधणीची. आपण म्हणतो, 'मला भीती वाटते.' येथे भीती येऊन वाटते, आणि मी नुसता बसलेला असतो. इंग्रजीत 'आय ॲम अफ्रेड' म्हणावे लागते. वाक्याच्या दाराशी 'मी'ला उभे करावेच लागते.

या तिसऱ्या गोष्टीनेच मला एके दिवशी अडवले. अक्काचे लग्न ठरल्यावर मी हुंड्यावर दहा वाक्ये लिहिली. 'हुंडा ही वाईट चाल आहे' हे पहिले वाक्य गाईडमधले होते, ते बिनचूक उतरले. पुढे डावीकडे लिहिले, 'बैठकीत हुंडा ठरला.' उजवीकडे लिहिले, "द डाउरी वॉज फिक्स्ड." व्याकरणात चूक नव्हती. तरी सरांनी बाजूला लाल शाईने दोनच शब्द लिहिले होते, "बाय हूम?"

कोणी ठरवला? पाहुण्यांनी, हे खरे. पण दोन लाख रोख आणि मोटारसायकल या आकड्यावर मान कोणी हलवली? आबांनी. एक एकर गहाण कोणी टाकली? त्यांनीच. आणि चहाचे कप घेऊन त्या बैठकीत उभा कोण होता? मी. दोष मराठीचा नाही. 'आम्ही हुंडा ठरवला' असे मराठीतही म्हणता येते. आपण म्हणत नाही, इतकेच. मी वाक्य खोडून लिहिले, "वी फिक्स्ड इट." तीन शब्दांचे वाक्य, पण लिहायला अख्खी संध्याकाळ लागली.

मग वाचनालयात जाऊन हुंडा प्रतिबंधक कायदा वाचला. तो १९६१ चा आहे. हुंडा घेणे हा जसा गुन्हा तसाच देणे हाही. त्याला कमीत कमी ५ वर्षे कैद सांगितली आहे. दंड १५,००० रुपये किंवा हुंड्याच्या किमतीइतका, यांपैकी जो जास्त असेल त्याहून कमी नाही. खास कारण नोंदवून न्यायालय कैद कमी करू शकते. ज्याला नाडले गेले त्याने स्वतः जबाब दिला तर त्या जबाबावरून त्याच्यावर खटला होत नाही, असेही त्यात म्हटले आहे. हे आमच्या बैठकीत कोणालाच ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी बैठक मोडली असती, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

त्याच बैठकीतले आणखी एक वाक्य माझ्या वहीत आहे. आमचे एक नातेवाईक आबांची समजूत घालत म्हणाले होते, "काळजी कशाला करता? पोरगा इंग्रजी शिकतोय, बी. ए. होईल. दिलेलं सगळं दुपटीनं वसूल होईल." त्या वाक्याचे इंग्रजी करताना मला कळून चुकले की माझी ही वही, हे रकाने, 'डिड' आणि 'द', हे सारे कोणाच्या तरी हिशेबात माझा भाव वाढवीत आहे. कोणत्या तरी घरात एक बाप आपली एक एकर गहाण टाकणार, आणि त्या जागी वाक्याचा कर्ता मी असणार. त्या पानाखाली मी लिहिले, "आय विल नॉट टेक इट." भविष्यकाळातले हे वाक्य आहे. ते खरे ठरायला अजून काही वर्षे जायची आहेत, म्हणून त्याचे कौतुक आज नको.

सुट्टीत ती पाने मी आबांना मराठीत वाचून दाखवली. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "इंग्रजीत लिहिलंस ते बरं केलंस. गावात कुणाला कळायचं नाही."

अंकाच्या इंग्रजी विभागासाठी लेख देण्याचे मी ठरवले होते. आबांचे ते वाक्य ऐकल्यावर विचार बदलला. मी म्हणालो, "आबा, मग हे मराठीतच छापायला देऊ का?" त्यांनी पुन्हा वेळ घेतला आणि म्हणाले, "दे. माझं नाव नको घालू."

म्हणून त्यांचे नाव येथे नाही, आणि उजवा रकाना घरी ठेवून मी हा डावा रकाना आपल्यापुढे ठेवला आहे. ज्यांना इंग्रजीची भीती वाटते त्या मित्रमैत्रिणींना एवढेच सांगतो: एक वही घ्या, मधोमध रेघ मारा आणि आपल्या दारातले लिहा. चुका होतील. त्यांतल्या काही व्याकरणाच्या असतील.

— द्वितीय वर्ष, कला शाखा