जास्त वॅटची घेऊ काय?

कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रभाग तयार करणारे माझे एक स्नेही गेल्या वर्षी तीन माहितीपत्रके घेऊन घरी आले. बीडाच्या ओतीव भागांना ते तेल वाहण्यासाठी अरुंद भोके पाडतात. त्या भोकात धातूचा एखादा कीस अडकून राहिला, तर इंजिन सुरू झाल्यावर तो तेलाबरोबर बेअरिंगपर्यंत जातो आणि ते खराब करतो. याच कारणाने ग्राहकाने त्यांचा एक अख्खा लॉट परत पाठवला होता. ब्रशने धुणे पुरेनासे झाले, म्हणून श्राव्यातीत ध्वनीने धुणारी पाचशे लिटरची टाकी घ्यायची होती. ''सर, ह्यातली जास्त वॅटची घेऊन टाकू काय?'' एवढाच त्यांचा प्रश्न होता.

उत्तर देण्यापूर्वी ही टाकी धुते कशी, ते पाहू. तळाला दाबविद्युत गुणधर्म असलेल्या चकत्या बसवलेल्या असतात. विद्युतदाब बदलला की त्या आकुंचन-प्रसरण पावतात आणि पाण्यात सेकंदाला पंचवीस-चाळीस हजार कंपने सोडतात. ध्वनितरंगाच्या विरळ भागात पाण्याचा दाब इतका उतरतो की तिथे सूक्ष्म बुडबुडे फुगतात. लगेच दाट भाग येतो आणि ते मिटतात. बुडबुडा धातूच्या पृष्ठाजवळ मिटला, तर तो एका अंगाने खचतो व पाण्याची बारीक धार पृष्ठावर आदळते. मळ सुटतो तो या लाखो टोल्यांनी. जहाजांचे पंखे पाण्यात झिजतात का, या प्रश्नाच्या निमित्ताने लॉर्ड रॅले यांनी 1917 साली अशा मिटणाऱ्या पोकळीतील दाबाचे गणित मांडले होते. पंख्याचा शत्रू इथे धोबी झाला आहे!

दाब उतरला की पाणी 'उकळते' हे वर्गात सहज दाखवता येते. सुई नसलेल्या पिचकारीत साधारण साठ अंशांचे गरम पाणी थोडेसे घ्या, आतली हवा काढून टाका, तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या जोराने ओढा. पाण्यात बुडबुडे उठतील. सोडताच बहुतेक नाहीसे होतील.

आता निवडीकडे वळू. पहिला प्रश्न वॅटचा नाही, वारंवारतेचा आहे. वारंवारता कमी असली की विरळ अवस्था जास्त काळ टिकते, बुडबुडा मोठा फुगतो आणि टोला जबर बसतो. बीड-पोलादाच्या चिकट मळाला 25 किलोहर्ट्झ चांगले. पण मऊ अॅल्युमिनियमच्या चकचकीत पृष्ठावर त्याच टोल्यांनी खड्डे पडू शकतात. नाजूक भागांसाठी 80 किलोहर्ट्झ किंवा त्याहून जास्त वारंवारता वापरतात. आमच्या स्नेह्यांकडे बीडाबरोबर अॅल्युमिनियमची झाकणेही होती, म्हणून मी 40 सुचवले. 25 ची यंत्रे कानालाही त्रास देतात. मूळ ध्वनी ऐकू येत नसला, तरी त्याच्या निम्म्या वारंवारतेचा, म्हणजे साडेबारा किलोहर्ट्झचा, कर्कश आवाज चांगलाच ऐकू येतो.

मग वॅट. एका माहितीपत्रकात 6000 वॅट छापले होते. ते तपासायला नववीचे उष्णतेचे गणित पुरते. पाचशे लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे 2090 किलोज्यूल लागतात. 6000 वॅट दहा मिनिटांत 3600 किलोज्यूल देतात, म्हणजे तापमान 1.7 अंशाने चढायला हवे. टाकीचा हीटर बंद ठेवायचा, पाणी खोलीच्या तापमानाला घ्यायचे आणि फक्त ध्वनी चालू करून, अधूनमधून ढवळत, तापमापी पाहायची. स्नेह्यांनी विक्रेत्याकडे जाऊन हा प्रयोग केला. वाढ भरली 0.8 अंश. छापलेला आकडा क्षणिक शिखराचा होता, असे तेव्हा सांगण्यात आले! घरगुती टाकीतले दर लिटरचे वॅट मोठ्या टाकीला लावण्याचीही गरज नसते. आकार वाढला की दर लिटरमागे कमी शक्ती पुरते.

शक्ती सगळीकडे सारखी पोचते का, हे पाहण्यासाठी अॅल्युमिनियमची पातळ पन्नी टाकीत उभी धरतात. अर्ध्या-एक मिनिटात तिला भोके पडतात. ती सर्वत्र पडली तर ठीक. एक कोपरा कोरा राहिला, तर तिथला भागही मळकाच राहणार. पन्नी तारेच्या चौकटीला बांधावी. चालू टाकीत हात घालू नये.

हीटरचा हिशेब बहुतेक लोक विसरतात. पाचशे लिटर पाणी 20 वरून 60 अंशांवर न्यायला सुमारे 23 युनिट वीज लागते, म्हणजे 12 किलोवॅटच्या हीटरला दोन तास. कामगार आठला येणार असतील, तर टाकी सहाला सुरू झाली पाहिजे. पाणी त्याहून फार तापवून उपयोग नाही. बुडबुड्यात वाफ भरते, ती उशीसारखी मध्ये येते आणि टोला बोथट होतो. ताज्या पाण्यात विरघळलेली हवाही हेच करते. म्हणून माल घालण्यापूर्वी टाकी थोडा वेळ रिकामी चालवावी लागते.

पाण्यात काय मिसळायचे, हा वेगळाच विषय. पूर्वी इलेक्ट्रॉनिक भाग सीएफसी-113 ने धुवत. ओझोनच्या थरासाठी झालेल्या 1987 च्या माँट्रियल करारानंतर तो मागे पडला. आज मुख्यतः पाणी व अपमार्जक वापरतात. पेट्रोल किंवा स्पिरिट साध्या टाकीत कधीही घालू नये. ठिणगीला निमित्त पुरते.

स्नेह्यांनी शेवटी आपलेच शंभर मळके भाग तिन्ही ठिकाणी नेऊन धुऊन पाहिले आणि मधल्या किमतीची टाकी घेतली. तिच्याबरोबर खळबळण्याची दुसरी टाकी आणि गरम हवेचे कपाटही घ्यावे लागले, कारण पहिल्याच आठवड्यात स्वच्छ निघालेले बीड संध्याकाळपर्यंत गंजू लागले होते.