संवाद हरवू नयेत म्हणून

शहाजीराजांच्या काळापासून मराठी माणसाचे बंगळूरशी नाते आहे. तेथील मराठी घरांत आजी-आजोबा आणि कानडी-इंग्रजीत वाढणारी नातवंडे जपून ठेवलेल्या डीव्हीडीवर मराठी चित्रपट पाहू लागली, की एक तक्रार हमखास निघते : संगीत दणदणते, पण बोलणे ऐकू येत नाही.

दोष दर वेळी कानांचाच नसतो. ‘५.१’ ध्वनिमुद्रणात संवाद मुख्यत्वे मधल्या स्पीकरकडे जातात. घरी दोनच स्पीकर असतील, तर प्लेअरच्या सेटअपमध्ये ‘स्टीरिओ’ किंवा ‘डाउनमिक्स’ निवडावे. मधला आवाज दोहोंत मिसळतो. रात्री ‘डायनॅमिक रेंज’ कमी केल्यास गडगडाट आवरतो आणि कुजबुजही उमगते. माणसे उभट वा बसकी दिसल्यास पडद्याच्या आकारानुसार ४:३ अथवा १६:९ ठरवावे.

डीव्हीडीत ८ ध्वनिपट्टे आणि ३२ उपशीर्षकांपर्यंत सोय असते. तबकडीवर इंग्रजी उपशीर्षके असल्यास ‘सबटायटल’चे बटण दाबावे. नातवंडांना अर्थ कळेल, मराठी कानांवर पडत राहील आणि आजोबांनाही प्रत्येक वाक्य समजावून सांगावे न लागता चित्रपटाचा आनंद घेता येईल.